गावाला जाताना मांजराची सोय कशी लावायची: कोल्हापुरातल्या मांजरवाल्यांसाठी सगळं सविस्तर

मे महिन्याची नाहीतर दिवाळीची तिकिटं काढून झाली की घरात एक प्रश्न हमखास निघतोच, मांजराचं काय करायचं. आणि घरातलंच कुणीतरी म्हणतंय, त्याला काय होतंय, मागची खिडकी उघडी ठेवा, उंदीर धरून खाईल की. असं अजिबात करू नका. वाटीत खायची सवय लागलेलं, गादीवर झोपणारं मांजर चार दिवस गल्लीत सोडलं तर त्याला शिकार जमेलच असं नाही, वर गल्लीतले बोके त्याला टिकू देत नाहीत, कुत्री आणि गाड्या आहेतच. दुसरा प्रकार म्हणजे परातभर कोरडं खाणं आणि बादलीभर पाणी ठेवून कुलूप लावून जायचं. तेही चालत नाही, का ते सांगतो.

खाण्यापाण्याची सोय सोपी आहे. रोज कुणीतरी येऊन मांजर स्वतःच्या डोळ्यांनी बघणं ही खरी सोय, आणि तीच लोक विसरतात. मांजर दुखणं लपवतंय. आजारी पडलं की ओरडत नाही, कॉटखाली जाऊन गप्प बसतंय, आणि दोनतीन दिवस काहीच खाल्लं नाही तर त्याच्या यकृतात चरबी साठायला लागते, त्यातून मरूही शकतंय, जाड मांजराला तर हा धोका जास्त. बोक्यांचं आणखी एक. लघवीची नळी बारीक असते, ती खडे किंवा चिकट गाळानं तुंबली तर एकदोन दिवसांत जीव जाऊ शकतो. ऑटोमॅटिक फीडर खाणं टाकेल, पण बोका लिटरच्या, म्हणजे शी-लघवीसाठी ठेवलेल्या मातीच्या, ट्रेमध्ये बसून कण्हतोय हे त्याला कळणार नाही. म्हणून पुढचं सगळं वाचताना एवढं पक्कं धरा की चोवीस तासांत किमान एकदा, जमलं तर दोनदा, माणूस घरात आला पाहिजे आणि मांजर दिसल्याशिवाय परत गेला नाही पाहिजे.

मांजर कुठं ठेवायचं

माझं स्पष्ट मत, आठदहा दिवसांपर्यंत मांजर आपल्या घरातच ठेवा आणि माणूस त्याच्याकडं येऊ द्या. कुत्रं माणसाला धरून असतंय, मांजर जागेला. बहिणीकडं नेऊन सोडलं, तिचं घर कितीही चांगलं असलं तरी मांजराला तिथला वास ओळखीचा नसतो, पहिले दोन दिवस कपाटामागं काढतंय आणि कुणी दार उघडं टाकलं की सुटतंय. कळंब्यातलं मांजर बावड्यात हरवलं तर ते तिथली गल्ली ओळखत नाही, परत कुठल्या वाटेनं येणार.

पण काही मांजरांना हे लागू होत नाही. चार महिन्यांच्या आतलं पिल्लू असेल तर त्याला दिवसातून तीनचार वेळा खायला लागतंय आणि ते कशात अडकेल सांगता येत नाही, अशा पिल्लाला एकटं ठेवूच नका, घरात राहायला माणूस बघा. इन्सुलिन चालू आहे, किडनीचं दुखणं आहे, रोज गोळी द्यावी लागते अशा मांजरासाठी गोळी देता येणाराच माणूस पाहिजे, नाहीतर ज्या डॉक्टरांकडं औषध चालू आहे त्यांच्याकडं ठेवायची सोय आहे का ते विचारा. आणि मादीचं ऑपरेशन झालेलं नसेल तर आधी ते उरकून घ्या. माजावर आली की रात्रभर ओरडते, शेजारी वैतागतात, आणि येणाऱ्या माणसानं दार इंचभर उघडलं तरी ती बाहेर. ऑपरेशन जायच्या तोंडावर नको, टाके भरून मांजर पूर्ण बरं व्हायला दोन आठवडे तरी हातात ठेवा.

माणूस कोण

सगळ्यात चांगला माणूस म्हणजे ज्याला मांजर आधीपासून ओळखतंय. आमच्याकडं वरच्या मजल्यावरच्या काकू बघतात. लोकांना वाटतं की प्राण्यांची लई आवड असणारा माणूस पाहिजे, मला तसं वाटत नाही, वेळ पाळणारा आणि सांगितलेलं तसंच्या तसं करणारा माणूस पाहिजे. आवड असणारा कॉलेजचा पोरगा मांजराशी तासभर खेळेल आणि दुसऱ्या दिवशी मॅच आहे म्हणून येणारच नाही. घरकामाच्या मावशी असतील तर त्यांना आधी विचारा, त्यांना घर माहीत, मांजर माहीत, तुमच्या खिडक्यांच्या कड्या माहीत.

आणि पैसे ठरवून द्या. शेजारधर्म म्हणून फुकट बघा असं गृहीत धरलं की समोरच्याला नाही म्हणता येत नाही आणि मनापासून होतही नाही. काकू पैसे घेत नाहीत, हे मला माहीत आहे, त्यांच्यासाठी येताना साडी नाहीतर त्यांना लागणारं काहीतरी आणतो, पण मावशींना रोजचे ठरवून, निम्मे आधी हातात.

दुसरा माणूसही ठरवून ठेवा. काकूंनाच ताप आला तर? चावी दोघांकडं पाहिजे, आणि दोघांकडं एकमेकांचे नंबर पाहिजेत. चावी देताना त्यांच्या हातानं कुलूप उघडून बघायला लावा, जुन्या लॅचला दार जरा ओढून धरून चावी फिरवायला लागते वगैरे गोष्टी आपल्याला सवयीच्या असतात, बाहेरच्या माणसाला नाही.

मग रंगीत तालीम. जायच्या आठवडाभर आधी दोन दिवस त्यांनाच येऊन सगळं करायला लावा, तुम्ही घरात असलात तरी आतल्या खोलीत बसा आणि मधे बोलू नका. कुठं अडतंय ते लगेच कळतं. लिटरचा खोरा सापडत नाही, पाकिटाची झिप लागत नाही, आणि मुख्य म्हणजे मांजर त्यांच्या समोर खातंय की पळून जातंय तेही कळतं.

खाणं, पाणी

खाणं बदलू नका, ही जागा नवीन काही चालू करायची नाही. जे रोज खातंय तेच, आणि जितके दिवस जाणार त्याच्यापेक्षा चार दिवसांचं जास्त आणून ठेवा. मोठ्या ४ किलोच्या मांजराला कोरडं खाणं दिवसाला साधारण ५० ते ६० ग्रॅम पुरतंय, पाकिटावर तक्ता असतो तो बघा, आणि एक जुनी वाटी घेऊन तिच्यावर मार्करनं रेघ मारून ठेवा, इथपर्यंत सकाळी, इथपर्यंत संध्याकाळी. आणखी चांगलं म्हणजे रोजच्या पुड्या बांधून त्यावर वार लिहून ठेवायचा. पुडी राहिली म्हणजे कुणी आलं नाही किंवा मांजरानं खाल्लं नाही, फोटोत सुद्धा कळतंय. पावसाळ्यात कोरडं खाणं मऊ पडतंय, मग मांजर तोंड लावत नाही, डबा घट्ट झाकणाचा घ्या. ओलं खाणं, उकडलेलं चिकन असलं काही असेल तर ते माणूस समोर असतानाच द्यायचं आणि उरलेलं तासाभरात उचलायचं, मे महिन्यात तर वाटीत ठेवून जायचंच नाही.

आता कोल्हापूरची अडचण. आपल्याकडं मांजर म्हटलं की दूध. गंगावेशीच्या कट्ट्यावर समोर धार काढून म्हशीचं दूध पिणारी माणसं आपण, मांजराला दूध नको म्हटलं की समोरच्याला वाईट वाटतं. पण बहुतेक मोठ्या मांजरांना दूध पचत नाही, जुलाब लागतात, आणि जुलाब लागलेलं मांजर आणि तुम्ही महाबळेश्वरला, हे नको असेल तर दूध देऊ नका हे तोंडानं सांगा आणि लिहूनही ठेवा. तसंच रस्सा. तांबडा असू दे नाहीतर पांढरा, त्यात कांदा-लसूण असतोच आणि तो मांजराच्या रक्ताला विष आहे, रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. रश्श्यातला पीस धुऊन दिला तरी नको. प्रेमानं देणारी माणसंच हे देतात म्हणून कारणासकट सांगायचं, नुसतं नको म्हटलं की लोकांना वाटतं तुमचे नखरे आहेत.

पाणी तीन ठिकाणी ठेवा, रुंद तोंडाच्या जड भांड्यात, म्हणजे एक सांडलं तरी दोन राहतात. लिटरच्या शेजारी पाणी नको. रोज ओतून नवीन भरायचं, नुसतं वर ओतायचं नाही.

फीडर वापरायचाच असेल तर माणसाच्या जोडीला म्हणून वापरा. सेलवर चालणारा बघा, कारण लाईट गेली की नुसता प्लगवरचा बंद. कॅमेऱ्याचंही तेच, लाईट गेली की वायफाय गेलं आणि तुम्ही तिकडं मोबाईल बघत घाबरे.

लिटर

एका मांजराला दोन ट्रे, दोन मांजरांना तीन. माणूस दिवसातून एकदाच येणार असेल तर हे जास्तच गरजेचं, कारण ट्रे भरला की मांजर गादीवर करतंय आणि मग येणारा माणूस वैतागतो. गोळे होणारं लिटर असेल तर येणाऱ्या माणसाला एक गोष्ट शिकवा, गोळे मोजायचे. रोज दोनतीन लघवीचे गोळे आणि एखादी शी दिसते, हा तुमच्या मांजराचा नेहमीचा आकडा जायच्या आधी मोजून लिहून ठेवा. मुठीएवढे गोळे रोज निघतात आणि आज नुसते वाटाण्याएवढे चार बारके निघाले, किंवा एकही नाही, तर तो फोन करायचा दिवस. बोका असेल तर तसल्या फोनला रात्र झाली म्हणून थांबायचं नाही. ट्रे काढायला दोन मिनिटं लागतात आणि मांजराच्या तब्येतीची एवढी खरी बातमी दुसऱ्या कशातनं मिळत नाही.

आणि फिनेल नको. मावशी चांगल्या मनानं जाताना फरशी आणि ट्रे फिनेलनं पुसून जातात. मांजर त्याच फरशीवर चालतंय आणि मग पंजे चाटतंय. फिनेलमधल्या द्रव्यांचं विष उतरवणं मांजराच्या यकृताला जमत नाही. साधं साबणाचं पाणी पुरे. कपाटातल्या डांबर गोळ्या, उंदराचं औषध, कुत्र्यांच्या गोचिडांवर टाकायचं परमेथ्रीनचं औषध, हे सगळं घराबाहेर. पॅरासिटामॉल मांजराला अर्धी गोळी दिली तरी जीव जाऊ शकतो, तेव्हा अंग गरम लागलं म्हणून घरातली कुठलीही गोळी द्यायची नाही हे कागदावर ठळक.

जायच्या आदल्या दिवशी घर

खिडक्या तपासा. डासांची नायलॉनची जाळी मांजराच्या नखाला टिकत नाही, दोन दिवस एकटं राहिलं की कोपऱ्यातनं फाडतंय. स्टीलची जाळी नाहीतर कबुतरांसाठी लावतात ती घट्ट ताणलेली जाळी पाहिजे. ताराबाई पार्क, नागाळा पार्कात आता उंच बिल्डिंगा झाल्यात, गॅलरीला जाळी नसेल तर गॅलरीचं दार बंदच. मांजर चौथ्या मजल्यावरनं पडून सुखरूप राहतंय असं ऐकून कुणी निवांत राहू नका, जबडा आणि पाय मोडतात, छातीत मार बसतो.

आतली दारं वाऱ्यानं आपटून बंद होतात आणि मांजर बाथरूममध्ये कोंडलं की पाण्याविना राहतंय. प्रत्येक उघड्या दाराला वीट किंवा भरलेली बाटली लावा, जी दारं बंद ठेवायची ती आत बघून बंद करा. सुई-दोरा, गजऱ्याचा दोरा, हाराची जर, पतंगाचा मांजा उचलून ठेवा, दोरा गिळला की आतडी गोळा होऊन कापली जातात आणि ऑपरेशनशिवाय इलाज नसतो. लिलीची फुलं फुलदाणीत असतील तर टाकून द्या, नुसता पराग अंगावरनं चाटला तरी किडनी जाते.

निघताना शेवटचं काम, कुलूप लावायच्या आधी मांजर बघा. बॅगा भरताना लोखंडी कपाट उघडं असतंय, दिवाणचा बॉक्स उघडा असतोय, मांजर आत जाऊन झोपतंय आणि आपण घाईत कडी लावतो. आमच्याकडं नियम आहे, सगळ्यात शेवटी बाहेर पडणाऱ्यानं मांजराला हात लावूनच बाहेर पडायचं, गाडी सुटायची वेळ झाली असली तरी.

फ्रिजवरचा कागद

फोनवरचा मेसेज खाली जातो, कागद राहतो. छान भाषा नको, समोर उभं राहून बोलल्यासारखं लिहा. आमचा असा असतो:

काकू, सकाळी आठनऊला आणि संध्याकाळी सातला. आत आल्या आल्या आधी दार लावा, मग चप्पल काढा, चिंगी दाराजवळच बसलेली असते. पहिल्यांदा तिला शोधा. दिसली नाही तर हाका मारू नका, पुडीचा आवाज करा. नाहीच आली तर फ्रिजमागं, मग दिवाणखाली, मग माळ्यावर. सापडली नाही तर मला लगेच फोन, मी मीटिंगमध्ये असेन असलं काही समजू नका. पुडी वाटीत, पाणी तिन्हीकडं नवीन, ट्रेमधले गोळे मोजून काढा. एक फोटो तिचा, एक ट्रेचा, एक वाटीचा. दूध नाही, रस्सा नाही, कुठलीही गोळी नाही. उचलून घेऊ नका, जवळ येऊन बसली तर बसू द्या.

त्याखाली लगेच फोन करायची लक्षणं: चोवीस तास काही खाल्लं नाही, ट्रेमध्ये जोर लावतंय पण लघवी नाही, तोंड उघडं टाकून श्वास घेतंय, सारखी उलटी, मागचे पाय ओढतंय. यातलं लघवीचं आणि श्वासाचं असेल तर आधी रिक्षा, मग मला फोन.

डॉक्टर आणि पैसे

ज्या डॉक्टरांकडं नेहमी जाता त्यांना आधी जाऊन सांगा की या तारखांना आम्ही नाही, या नावाचा माणूस मांजर घेऊन येईल, उपचार करा, पैसे मी यूपीआयनं लगेच पाठवतो. गरज पडली तर भूल द्यायला, ऑपरेशन करायला माझी संमती आहे असं सहीनिशी कागदावर लिहून त्याचा फोटो डॉक्टरांकडं आणि काकूंकडं. लसीचं कार्ड त्याच फाईलमध्ये. तुमचे डॉक्टर रविवारी आणि रात्री असतात का ते विचारा, नसतील तर दुसरा नंबर त्यांच्याकडनंच घ्या. पिशवी नको, पक्का कॅरिअर दाराजवळ उघडा ठेवलेला असू दे, आत मांजराची जुनी चादर. पंधरा दिवस आधीपासून तो तिथंच ठेवला की मांजर आपणहून आत झोपायला लागतंय, मग अडचणीच्या वेळी काकूंना नखं लागत नाहीत.

पावसाळ्यात जात असाल तर

हे कोल्हापूरकरांनी नीट वाचा. जुलै-ऑगस्टमध्ये दोन दिवसांसाठी पुण्याला गेलेला माणूस दोन दिवसांत परत येईलच असं नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये शिरोलीजवळ हायवेवर पाणी आलं आणि पुणे-बेंगळुरू रस्ता कित्येक दिवस बंद राहिला, गगनबावड्याकडचा रस्ता तर दरवर्षीच कुठंतरी पाण्याखाली जातोय. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट, निघायच्या आधी आकडा बघा आणि धरणाच्या विसर्गाच्या बातम्याही बघा. खाणं आणि लिटर या दिवसांत दुप्पट ठेवा. चावीवाला माणूस नदीच्या त्याच बाजूला, शक्यतो त्याच गल्लीत राहणारा पाहिजे, तुमचं घर शहरात आणि बघणारा चिखलीला असं नको. आणि तुमचं घर शाहूपुरी कुंभार गल्ली, सुतारवाडा, रमणमळा किंवा जयंती नाल्याच्या काठाला तळमजल्यावर असेल तर पाणी चढायला लागल्यावर मांजर कुणी, कुठल्या कॅरिअरमधनं, कुणाच्या घरी न्यायचं हे नावासकट आधीच ठरवा. पाणी दारात आल्यावर घाबरलेलं मांजर कुणाच्या हाताला लागत नाही.

गणपतीत आणि दिवाळीत वेगळं. महाद्वार रोड, मिरजकर तिकटीच्या आसपास राहत असाल तर विसर्जनाच्या दिवशी आवाजानं काचा हलतात, त्या दिवशी मांजर आतल्या खोलीत, खिडक्या बंद, एक खोकं आडवं करून त्यात चादर, आणि येणाऱ्या माणसानं मिरवणूक यायच्या आधीच येऊन जायचं.

बोर्डिंगमध्ये ठेवायचं असेल तर

माणूस मिळालाच नाही तर. फोनवर बुकिंग करू नका, जाऊन बघा, आणि न कळवता जाऊन बघा. कुत्री आणि मांजरं वेगळ्या खोल्यांत पाहिजेत, नुसतं वेगळ्या पिंजऱ्यात नव्हे, कारण भुंकणं ऐकूनच मांजर खाणं सोडतंय. पिंजऱ्यात लपायला खोकं आहे का, ट्रे आणि वाटी लांब आहेत का, बाहेर जायला दोन दारं ओलांडावी लागतात का, रात्री तिथं माणूस झोपतो का. आणि लसीचं कार्ड मागितलं नाही तर तिथनं निघून या. पॅनल्युकोपेनिया म्हणजे लोक ज्याला मांजरांचा पार्व्हो म्हणतात, त्याचा विषाणू जागेत वर्षभर सुद्धा टिकतो, साध्या धुण्यानं जात नाही, आणि लस न घेतलेल्या मांजराला त्यातनं वाचवणं अवघड. तुमच्या मांजराचं ट्रायकॅट (पॅनल्युकोपेनियासकट मांजरांच्या आजारांवरची एकत्र लस) आणि रेबीज दोन्ही झालेलं पाहिजे, आणि तेही आदल्या दिवशी टोचून नाही, शरीरात ताकद तयार व्हायला दोनेक आठवडे जातात.

सोबत न्यायचा विचार फार थोड्या मांजरांना मानवतो. घाटात उलट्या करतात, निघायच्या आधी तीनचार तास खायला देऊ नका, कॅरिअर सीटबेल्टनं बांधा आणि चहाला थांबल्यावर कितीही ओरडलं तरी दार उघडू नका.

परत आल्यावर

मांजर पाठ फिरवून बसलं तर बसू द्या, एखाददुसऱ्या दिवसात आपणहून येतंय. आनंदानं वाटी काठोकाठ भरू नका, नेहमीएवढंच खाणं द्या. त्याच दिवशी ट्रे स्वतः काढा, गोळे मोजा, वजन काटा असेल तर मांजर घेऊन उभं राहा आणि तुमचं वजन वजा करा. खाण्याचं पाकीट किती संपलं ते बघा. पहिल्या चोवीस तासांत खाल्लं नाही तर रुसलंय म्हणून सोडून देऊ नका, डॉक्टरांकडं न्या. आणि मावशींचे राहिलेले पैसे बॅगा उघडायच्या आधी द्या, दिवाळीला परत त्यांनाच विचारायचं आहे.